पिठाचा कोंबडा आणि पाहुण्यांचे ताट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महिला मंडळाच्या सभेत, वाशी येथे दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. 'शार्क्युटरी' हा शब्द फ्रेंच असून त्याच्या मुळाशी 'शिजविलेले मांस' हा अर्थ आहे. लाकडी फळीवर मांसाचे काप, चीज, फळे आणि सुका मेवा मांडून पाहुण्यांपुढे ठेवण्याची ती पाश्चात्त्य रीत. आता आपल्या नव्या पिढीच्या घरीही वाढदिवसाला अशी फळी सजते. तिच्यावर मांस अर्थातच नसते. परंतु पुष्कळदा दूध, तूप, पनीरही नसते. मुले या आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला.

माझ्या नातीने दूध सोडले, तेव्हा मला मनातून वाईट वाटले. तिच्यासाठी हौसेने केलेली मिठाई तिने नम्रपणे बाजूला ठेवली. ती म्हणाली, "आजी, वासराच्या वाट्याचे आपण घेतो, हे तुम्हाला पटते का?" मला उत्तर सुचले नाही. ज्या अहिंसेचे धडे आम्ही तिला पाठशाळेत दिले, त्यांचाच आधार घेऊन ती बोलत होती. तेव्हापासून मी तिच्यासाठी ताट मांडायला शिकले. ते शिकताना जे उमगले, तेच आज आपणांसमोर ठेवते.

पहिली गोष्ट अशी की, व्हीगन आणि जैन या दोन वेगवेगळ्या चाळण्या आहेत. एकीतून उतरलेले दुसरीतून उतरेलच असे नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहार सांगतो. आत दूध किंवा मध असला तरी तो ठिपका असू शकतो. व्हीगन पदार्थांसाठी आपल्या देशात 2022 सालापासून स्वतंत्र नियम आहेत. परंतु ते चिन्हही कांदा, लसूण, बटाटा किंवा मशरूम यांविषयी काही सांगत नाही. म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नये. मिठाईवरील चांदीचा वर्खही पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पुडीत कुटला जाई. 2016 साली सरकारने त्यास मनाई केली, हे समाधानाचे आहे.

उलट, काही बाबतींत दोन्ही वाटा एकत्र येतात. मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगयांपैकी मध, मांस आणि लोणी व्हीगन माणूसही खात नाही. ताटात दूध-दही नसले की कडधान्याबरोबर कच्चे दही खाण्याचा द्विदलाचा दोषही टळतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाजारात आता सोयाबीनचे, गव्हाच्या सत्त्वाचे 'सॉसेज' आणि 'सलामी' मिळतात. दिसायला हुबेहूब मांस, आत वनस्पती. ते ताटात ठेवावे काय? येथे आपणांस यशोधर राजाची कथा आठवावी. सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये, म्हणजे इसवी सन 959 मध्ये, 'यशस्तिलक' या ग्रंथात ती विस्ताराने सांगितली आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी माता चंद्रमतीने पशुबळीचा आग्रह धरला. राजाला जीव मारवेना, म्हणून तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. कोणताही प्राणी मेला नाही. तरीही मारण्याच्या संकल्पामुळे मायलेकांना पशुयोनीत अनेक जन्म भोगावे लागले. जीव वाचला, पण भाव मलिन झाला. मांसाहार सोडू पाहणाऱ्या माणसाला नकली मांसाचा आधार होत असेल, त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु ज्याने ते कधी चाखलेच नाही, त्या आपल्या मुलाच्या ताटात त्याची नक्कल कशासाठी?

आता प्रत्यक्ष मांडणी. आठ माणसांसाठी एक वाटी काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत. अर्धे लिंबू, मीठ, मिरी आणि भाजलेले जिरे घालून अगदी थोड्या पाण्यात घट्ट वाटावेत. चीजच्या जागी हे वाटण उत्तम. पुस्तकांत ते रात्रभर आंबवायला सांगतात. आपण तसे करू नये, ताजे करून त्याच दिवशी संपवावे. तुपाऐवजी तेलाचे मोहन घालून केलेले मेथीचे आणि जिऱ्याचे खाकरे हाताने मोडून ठेवावेत. सोबत कच्च्या केळ्याचे वेफर, भाजलेले चणे, गुळाची राजगिरा चिक्की, बिया काढलेला खजूर, अक्रोड, द्राक्षे व सफरचंदाच्या फोडी. सिरक्यातील ऑलिव्हऐवजी कैरीच्या दिवसांत मीठ-मिरची लावलेल्या कैरीच्या फोडी ठेवाव्यात. अंजीर मात्र टाळावे. ते पाच उदुंबर फळांच्याच जातीचे. चातुर्मासात ज्यांच्या घरी सुका मेवा आणि पालेभाजी वर्ज्य असते, त्यांनी खाकरा, चणे आणि फळांवर भर द्यावा. हे सारे आपल्या वाशीच्या बाजारात सहज मिळते; परदेशी दुकान शोधण्याची गरज नाही.

लाकडी फळीपेक्षा पितळेचे किंवा स्टीलचे ताट बरे. त्यात ओल मुरत नाही. सर्वांनी एकाच वाटीत खाकरा बुडवू नये. उष्ट्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून प्रत्येक वाटीत चमचा आणि प्रत्येकाला छोटी ताटली द्यावी. हवे तेवढेच घ्यावे, आणि शेवटी ताटली धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत मुलांना दाखवावी. पाहुण्यांना बोलावणे सूर्यास्तापूर्वीचे करावे. नोकरीवाल्यांना हे कठीण जाते, याची मला जाणीव आहे. परंतु रविवारची दुपार तर आपल्या हाती आहे.

भगिनींनो, नातीने दूध सोडले म्हणजे तिने धर्म सोडला, असे समजू नका. तिला कंदमुळांचा आणि रात्रिभोजनाचा विचार आपण समजावून द्यावा, तिच्याकडून गोठ्यातील वासराचा विचार आपण ऐकावा. गेल्या पर्युषणात तिने प्रथमच आपण होऊन चोविहार केला. त्या पारण्याला दुधाऐवजी मुगाचे पाणी मीच केले होते.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.