मुखवट्याआडची समता

(ठाण्यातील वर्तकनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

अठराव्या शतकातील व्हेनिस नगरीत वर्षातील जवळजवळ सहा महिने लोक मुखवटा चढवून वावरत. केवळ उत्सवात नव्हे, तर नाट्यगृहात, कॉफीगृहात आणि रस्त्यावरही. पांढरा मुखवटा, काळा झगा व त्रिकोणी टोपी असा तो वेष असे. मुखवटाधारी माणसाला नावाने वा पदवीने न संबोधता केवळ ‘मुखवटा’ म्हणून अभिवादन करण्याची रीत होती. उमराव आणि दुकानदार एकसारखे दिसत. या दिसण्याला समता म्हणावे काय?

याचे उत्तर ‘रिदोत्तो’ या सरकारमान्य जुगारगृहात मिळते. 1638 मध्ये उघडलेल्या आणि 1774 मध्ये बंद झालेल्या या गृहात खेळणाऱ्यास मुखवटा सक्तीचा होता. डावाची पेढी सांभाळणारा उमराव मात्र उघड्या चेहऱ्याने बसे. राज्यसत्ताही ‘सुवर्णग्रंथा’त नोंदलेल्या घराण्यांच्याच हाती होती. 1797 मध्ये नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक कोसळेपर्यंत ही मक्तेदारी अबाधित राहिली. मुखवट्याने चेहरे झाकले. पेढीचा मालक बदलला नाही.

आपलाही अनुभव आठवा. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत मुखपट्टी सक्तीची झाली, लौकरच ठाण्यातही आली. 2 एप्रिल 2022 रोजी राज्यातील सक्ती उठली. मुखपट्टी आवश्यकच होती. शास्त्राशी आपला वाद नाही. वाद आहे तो ‘रोगापुढे सारे समान’ या सोयीस्कर वचनाशी. घरी बसून ज्यांचा पगार चालू राहिला, त्यांना दिवसभर मुखपट्टीची गरजच नव्हती. ती बांधून राबले ते सफाई कामगार, परिचारिका आणि 15 जून 2020 पासून अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झालेल्या लोकलमधून कामावर जाणारे कर्मचारी. लोकमान्यनगरातून पोखरण रस्त्यावरील इमारतींत घरकामास जाणाऱ्या भगिनींची तर कामेच थांबली. उघड्या चेहऱ्याने कोण बसले, हा प्रश्न इथेही उरतोच.

दंडाचे अर्थशास्त्रही पाहा. मुंबईत 200 रुपये दंड होता. रोज 400 रुपये मिळवणाऱ्याची ती अर्ध्या दिवसाची मजुरी. सधनाला तो जाणवणारही नाही. समान दंड हा असमान समाजात अन्यायच ठरतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये राज्य सरकारने मुखपट्ट्यांच्या कमाल किमती ठरवल्या: त्रिस्तरीय 4 रुपये, एन-95 प्रकारानुसार 19 ते 49 रुपये. निर्णय योग्यच होता. परंतु वस्तूची किंमत बांधता येते, तर आजारपणातील मजुरीची हमी का बांधता येऊ नये? घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. आजारपणाच्या पगारी रजेचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

साथींनो, पुढची साथ येण्यापूर्वी हा हक्क मिळवणे, हे आपल्या संघटनेचे काम आहे. सर्वांची तोंडे सारखी झाकली म्हणजे समता आली, या भ्रमात आपण तरी राहू नये.