हसतोय तो?

शाळांना वर्षअखेरीची सुट्टी लागली आहे आणि आपल्यापैकी बरेच जण बॅगा भरण्यात गुंतले असतील. आमचीही तिकिटं काढून झाली आहेत. दापोलीला जायचं, आणि एका सकाळी मुरूड-कर्द्याहून होडीने डॉल्फिन बघायला जायचं, हे ठरलेलंच.

गेल्या वर्षी अशाच फेरीत डॉल्फिन दिसले. आमच्या होडीने जोरात वेग घेतला, आणखी चार होड्या मागे आल्या, सगळ्यांचे फोन वर. माझ्या सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, आपण त्याच्या मागे लागलोय, ते त्याला आवडतंय का?" मी म्हणालो, "बघ ना, हसतोय तो!"

ते उत्तर चुकीचं होतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो घाबरला, आजारी पडला, तरी चेहरा तोच. मेलेल्या डॉल्फिनच्या तोंडावरही तेच हसू असतं. तेव्हा त्याला काय वाटतं हे चेहऱ्यावरून कळणार नाही. त्यासाठी तो ऐकतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागेल.

डॉल्फिन मासा नाही, आपल्यासारखाच सस्तन प्राणी. हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. पण त्याचं जग बरंचसं आवाजाचं आहे. तो टकटक असे बारीक आवाज सोडतो, ते माशावर किंवा खडकावर आपटून परत येतात, आणि खालच्या जबड्यातून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोचतात. त्यावरून समोर काय आहे, किती लांब आहे, हे त्याला गढूळ पाण्यातही कळतं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. बॉटलनोज जातीत तर प्रत्येकाची स्वतःची वेगळी शीळ असते, जवळजवळ नावासारखी. आता अशा प्राण्याभोवती पाच इंजिनं धडधडली, तर काय होत असेल? भरबाजारात लेकराचा हात सुटावा आणि तेवढ्यात कानाशी ढोल वाजावेत, तसं.

आपण राहतो त्या सिंगापूरच्या समुद्रातही डॉल्फिन आहेत, हे किती जणांना माहीत आहे? सेंट जॉन्स आणि आसपासच्या दक्षिणेकडच्या बेटांजवळ गुलाबी डॉल्फिन दिसल्याच्या नोंदी आहेत. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमधले संशोधक अशा नोंदी ठेवत आले आहेत. पिलू जन्मतं तेव्हा गडद राखाडी असतं, वाढत्या वयाबरोबर तो रंग ओसरतो. गुलाबी छटा कातडीखालच्या रक्तवाहिन्यांची. कोकणातला हम्पबॅक डॉल्फिन हा याचाच चुलतभाऊ. तो राखाडीच राहतो आणि त्याच्या पाठीवर चांगला उंचवटा असतो. २०१४मध्ये शास्त्रज्ञांनी या दोघांना वेगळ्या जाती मानलं. दोघेही किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात, म्हणजे जिथे माणसाची गर्दी तिथेच. इथे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक, तिथे मासेमारीची जाळी आणि आपल्यासारखे पर्यटक. दोन्ही जाती आज धोक्यात आहेत, आणि कोकणातली जास्तच.

आपल्यातल्या जुन्या सिंगापूरकरांनी गुलाबी डॉल्फिन सेंटोसाच्या अंडरवॉटर वर्ल्डमध्ये पाहिले असतील. २०१६मध्ये ते बंद झालं आणि तिथले डॉल्फिन चीनला गेले. मुलांनी तिथे टाळ्या वाजवल्या, त्यात त्यांचा काय दोष? पण खुल्या समुद्रात रोज लांबवर फिरणाऱ्या प्राण्याला तलावात ठेवावं का, हा प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारायला हवा. भारताने २०१३मध्ये डॉल्फिनच्या खेळांसाठी अशी केंद्रं उभारायला परवानगी नाकारली.

मग बघायचंच नाही का? जरूर बघायचं. होडीवाल्याचं पोट त्यावर आहे, आणि जिवंत डॉल्फिनमुळे त्याची कमाई होत असेल तर डॉल्फिन सांभाळावा असं त्यालाही वाटेल. फक्त होडीत बसण्यापूर्वीच सांगायचं: "दादा, मागे लागू नका. लांबूनच दाखवा, जवळ आले तर वेग कमी करा. नाही दिसले तरी पैसे पूर्ण देऊ." शेवटचं वाक्य विसरू नका. दिसलेच पाहिजेत हा हट्ट आपला असतो, म्हणून तो इंजिन पळवतो. पिलू सोबत असेल तर आणखी लांब राहायचं. आणि वेफरचं रिकामं पाकीट खिशात ठेवायचं.

जे भारतात जाणार नाहीत, त्यांनी मरीना साउथ पिअरहून सेंट जॉन्सची फेरी पकडावी. पाण्यावर नजर ठेवा. हा डॉल्फिन आधी चोच वर काढतो, मग पाठीची कमान करून खाली जातो. बहुतेक वेळा काहीच दिसणार नाही. पण इथल्या पाण्यात ते आहेत, एवढं मुलांना कळलं तरी फेरी फुकट गेली नाही.

लेकीला मी आता खरं सांगितलंय: तो हसत नव्हता. ती म्हणाली, "मग या वेळी आपण गप्प बसू या, त्याला ऐकू येऊ दे."

सुट्टी छान जावो.