बंदिस्त वाघाचे छायाचित्र
(यवतमाळ येथे हौशी छायाचित्रकारांपुढे केलेले भाषण)

टिपेश्वर अभयारण्यात वाघ प्रत्येकाला दर्शन देतोच असे नाही. म्हणून आपल्यापैकी अनेकजण नागपूरच्या महाराजबागेत किंवा गोरेवाड्यात सराव करतात. त्यात गैर काहीच नाही. जाळी असेल तेथे भिंग तिच्या अगदी जवळ न्यावे व अॅपर्चर मोठे ठेवावे. तारा विरून जातात. झेपेसाठी शटरचा वेग १/१००० सेकंद असावा. वाघाच्या तोंडापुढे मोकळी जागा सोडावी. शेपटीचे टोक मात्र कापू नये!

संपादनात कडा छाटा, उजेड सुधारा. पण चित्र आरशातल्यासारखे उलटवू नका. वाघाच्या दोन कुशींवरील पट्टे सारखे नसतात आणि त्यांवरूनच वन विभाग वाघ ओळखतो.

२०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव परिसरात टी-१ वाघिणीचा शोध चालू असताना शेतावर जावे की नाही, हा घरोघरी प्रश्न होता. अशा गावात जाळी पुसलेले चित्र पोहोचले, तर कापसाची वेचणी अडते. म्हणून चित्राखाली ‘बंदिस्त वाघ’ असे स्पष्ट लिहा. स्थळ व दिनांकही द्या.

माझ्याच हातून एकदा ही ओळ राहून गेली. दुसऱ्या दिवशी एका सरपंचांचा दूरध्वनी आला, “साहेब, हा वाघ कोणत्या नाल्यातला?”