भट्टीवरच्या बाळाचे पहिले वर्ष

(संस्थेच्या टिटवाळा येथील वार्षिक सभेत बालरोग विभागाच्या मानद सल्लागारांनी केलेले भाषण)



आपल्या रुग्णालयासमोर या वर्षी दोन प्रस्ताव आहेत. एक बालरुग्ण कक्षाच्या विस्ताराचा आणि दुसरा परिसरातील वीटभट्ट्यांवर नियमित जाणाऱ्या आरोग्य पथकाचा. दोन्ही स्वागतार्ह आहेत. परंतु निधी मर्यादित असल्याने अग्रक्रम ठरवावा लागेल. माझे मत दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे सांगण्यासाठी मी उभा आहे.

टिटवाळा सर्वदूर परिचित आहे ते महागणपतीमुळे. मात्र दिवाळी सरली की कल्याण आणि भिवंडी तालुक्यांत आणखी एक वस्ती उभी राहते. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा येथील पाड्यांवरून कातकरी व अन्य आदिवासी कुटुंबे भट्ट्यांवर येतात. पावसाळ्यातील निकडीच्या वेळी घेतलेली उचल त्यांना फेडायची असते. विटांच्याच आडोशाला उभारलेल्या भोंग्यात त्यांचा मुक्काम पडतो, तो थेट पावसाच्या तोंडापर्यंत.

गणपतीच्या सुमारास पाड्यावर जन्मलेल्या एका बाळाचे वर्ष आपण डोळ्यांसमोर आणू या. सहा आठवड्यांची लस त्याला दिवाळीपूर्वी, आश्विनात, गावातच मिळते. दहा आठवड्यांचा डोस येतो तेव्हा कुटुंब भट्टीवर पोहोचलेले असते. चौदाव्या आठवड्याचा डोस मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे तोही भट्टीवरच. सहा महिने पूर्ण होतात फाल्गुनात. आईच्या दुधाच्या जोडीला मऊ भात, वरण, अंडे असा वरचा आहार सुरू व्हावयाचा हा काळ. आणि नेमकी तेव्हा आई पहाटेपासून चिखल तुडवीत आणि साच्यातून विटा थापीत असते. बाळ तिच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलीच्या, स्वाधीन असते. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात द्यावयाची, तोवर ज्येष्ठ उजाडतो आणि बिऱ्हाड परतीच्या वाटेला लागते. गावच्या अंगणवाडीच्या वहीत या बाळाचे नाव असते, बाळ नसते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत बाळ पोहोचू शकले असते, तर तेथे नाव नसते. मेंदूची सर्वाधिक वाढ होण्याचे हे महिने या दोन वह्यांच्या मधल्या जागेत निघून जातात. त्यात एखादी भट्टी महापालिकेच्या हद्दीलगत असली की ती जिल्हा परिषदेकडे की महापालिकेकडे, हाही प्रश्न उभा राहतो.

असे मूल आपल्याकडे येते ते अतिसाराने वा न्यूमोनियाने ग्रासल्यावर. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत गेलेला असतो, म्हणजे तीव्र कुपोषण. खाटा वाढविल्या तर आपण अशा अधिक मुलांना दाखल करून घेऊ, हे खरे. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना येथवर येण्याची वेळच येऊ नये, हे अधिक साध्य आहे आणि कमी खर्चाचेही.

ही दृष्टी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात मोडतात. २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी आणि बियांनी घेतली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले. नाव देशभर गेले. अंगणापर्यंत जाण्याचा आग्रह मात्र वाटेत कुठेतरी सैलावला, असे मला वाटते. १९९०च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या, तेव्हा तोच आग्रह पुन्हा दिसला.

आरोग्याच्या क्षेत्रातील दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे नवे इस्पितळ बांधून हे घडले नव्हते.

शासनानेही पावले उचलली आहेत. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत, तिने मागणी करताच तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. पण भट्ट्या विखुरलेल्या असतात. एकेका ठिकाणी मोजकीच कुटुंबे. स्थलांतरितांची नोंद ठेवणारी ‘महा एमटीएस’ प्रणाली राज्याने २०२२ मध्ये सुरू केली. ती उपयुक्त आहे. तथापि नोंद झाली म्हणजे डोस मिळाला असे होत नाही. कुणीतरी शीतपेटी घेऊन भोंग्यापर्यंत जावे लागते.

त्यासाठी फार मोठे काही नको. एक वाहन, एक परिचारिका, कातकरी समाजातीलच एक प्रशिक्षित कार्यकर्ती, वजनकाटा, दंडघेराची फीत, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी असलेले आईजवळ राहणारे कार्ड. लस शासकीय आरोग्य केंद्राकडूनच घ्यावयाची व नोंद त्यांच्याकडेच करावयाची. भट्टीवरच्या एखाद्या वयस्क बाईला मानधन देऊन सावलीत पाळणाघर चालविता आले, तर सहा-सात वर्षांची ती मोठी बहीणही मोकळी होईल. यातला मुख्य खर्च वेतनाचा, आणि तो दरवर्षीचा. देणगीदारांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की वेतनावर नामफलक बसविता येत नाही.

विश्वस्तांनी संमती दिल्यास पथक दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात निघू शकेल. भेटीचा वार मात्र आपल्या सोयीचा असून चालणार नाही. ज्या दिवशी मजुरांना आठवड्याची खर्ची मिळते, त्या बाजाराच्या दिवशी काम बंद असते आणि आई-बाप दोघेही भेटतात. तो वार भट्टीगणिक निराळा असतो. त्याची यादी करण्यास आम्ही सुरुवात केली आहे.