गुरू-मंगळाचा फोटो काढताना

रविवारी, ७ जानेवारी २०१८ रोजी पहाटे गुरू आणि मंगळ तूळ राशीत एकमेकांना अगदी खेटून दिसले होते. मधलं अंतर पुनवेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीपेक्षाही कमी! साडेपाचला आग्नेयेकडे बघायचं होतं. मला अशा जोडीच्या फोटोबद्दल बोलायचंय, आणि त्यातही एकच: एक्स्पोजर कमी ठेवा.

त्या पहाटे गुरू मंगळाच्या जवळजवळ वीसपट तेजस्वी होता. कॅमेरा ऑटोवर ठेवलात की काळं आकाश बघून तो शटर उघडंच ठेवतो. गुरूचा पांढरा गोळा फुगतो आणि तांबूस मंगळ त्यात बुडतो. मोबाइलचा नाइट मोडही तेच करतो. ज्या फटीसाठी एवढ्या थंडीत उठलात, ती फटच फोटोत नाही!

फोडणीचं बघा. तेल तापायच्या आधी हिंग, हळद, कढीपत्ता हाताशी हवा. तसा फोकस आधी करून ठेवा. स्क्रीनवर गुरू मोठा करून घ्या, ठिपका बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवा आणि मग तिला हात लावू नका. मोहरी तडतडली की आच उतरवायची. फोडणी कच्ची राहिली तर पुन्हा आचेवर धरता येते; करपली की कितीही पाणी ओता, आमटीला वास येतोच. काळपट फोटो नंतर उजळता येतो. पांढऱ्याफटक गोळ्यातून मंगळ मात्र परत मिळत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, कमी ठेवा!

२०० मिलिमीटरची लेन्स असेल तर आयएसओ ४०० आणि सेकंदाच्या तिसाव्या भागापासून सुरुवात करा. ट्रायपॉड हवाच, आणि बटण दाबल्याचा हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. नाशिक-निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीतल्या मंडळींनी जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. लेन्सवर दव धरतंय का, तेही मधूनमधून बघावं. एक्स्पोजर वाढवत सेकंदापर्यंत नेलंत तर गुरूचे उपग्रहही उमटतील. पण ती हौस नंतर! आधी कमी एक्स्पोजरचे चार-पाच फोटो पदरात पाडून घ्या.

ऐन पहाटे ढग आले तर हिरमुसू नका. त्या वेळी ११ जानेवारीच्या पहाटे चंद्रकोरही या दोघांजवळ आली होती. अशा कोरीचा अंधारा भागही फोटोत हवा असेल तर एक्स्पोजर वाढवावं लागतं, म्हणजे तिथे दोन वेगळे फोटो. कोरीसाठी वाढवा, ग्रहांसाठी कमीच ठेवा.