हजेरीपटावरील नाव
(तेलगाव येथे ऊसतोड कामगारांपुढे केलेले भाषण)



पुढे मी बऱ्या पगाराच्या नोकऱ्या केल्या. पण मन रमले ते १९७२ च्या दुष्काळातील हजेरी कारकुनीत. याच परिसरात रस्त्यासाठी खडी फोडण्याचे काम चाले. मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर माणसे दिवस काढीत. रात्री मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर राम कदमांची ‘पिंजरा’तील गाणी लागत, बुधवारी सिलोनवरची बिनाका गीतमाला. सेल कुणी आणायचे यावरून भांडणेही होत!

दिवसा मात्र गाणे बायांचे. हातोडीच्या ठोक्यावर एकीने ओवी धरावी, दुसरीने उचलावी. घरी दळायला दाणेच नव्हते, म्हणून जात्यावरची ओवी खडीवर आली होती. नाव विचारले की कित्येकजणी ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगत. मी हट्टाने त्यांचे स्वतःचे नाव लिहून घेई. मजुरीही तिच्याच हाती पडे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामांवर स्त्री-पुरुषांना दर सारखाच होता.

आज तेलगावात साखर कारखाना आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास इथली बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात. तिथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर, बाई म्हणजे अर्धा कोयता. ट्रॅक्टरवर गाणी वाजतात. वाजोत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. मी विचारतो आहे ते मुकादमाच्या वहीबद्दल. भगिनींनो, यंदा उचल ठरेल तेव्हा त्या वहीत स्वतःच्या नावाची वेगळी ओळ मागा.