तव्यावरचा फुलका आणि फुकटची लायब्ररी
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



"कॉम्प्युटरवर बोल, पण काका-मावश्यांना झोप आणू नकोस," अशी अध्यक्षांची तंबी आहे. तेव्हा स्वयंपाकघरातूनच सुरुवात करते.

शंभर फुलके डब्यात भरून मग पंगत बसवायची, ही एक रीत. दुसरी म्हणजे जेवणारा मागेल तसा तव्यावरून एकेक पानात. प्रोग्रॅमिंगमध्ये या दुसऱ्या रीतीला इटरेटर म्हणतात. प्रचंड फाइलसुद्धा सगळी मेमरीत न भरता ओळीओळीने वाचता येते. मात्र खाल्लेला फुलका परत पानात येत नाही. तसा इटरेटरही एकदा संपला की संपला.

पायथॉनमध्ये २००३ पासून यासाठी इटरटूल्स आहे. त्यात जे सापडत नाही ते मोअर-इटरटूल्समध्ये बघायचं. २०१२ साली ही लायब्ररी निघाली तेव्हा तिच्यात जेमतेम तीन हत्यारं होती. 'चंक्ड' गट पाडून देतं. 'पीकेबल' पुढचा फुलका न उचलता नुसता बघू देतं (आमच्या घरी ही सोय नाही!). शेजारशेजारच्या जोड्या लावणारं 'पेअरवाइज' लोक इथूनच घेत. २०२१ मध्ये ते खुद्द पायथॉनमध्ये आलं.

एमआयटी लायसन्स असल्यामुळे कंपन्या हे सगळं बिनदिक्कत फुकट वापरतात. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पगार असल्या लायब्रऱ्यांवर उभा आहे, आणि त्या सांभाळणारे बहुधा हौशी लोक, नोकरी सांभाळून. ते थकले तर? हा प्रश्न मला सतावतो.

हातभार लावायला पंडित असावं लागत नाही. पहिल्या आवृत्तीच्या नोंदीतच लिहिलं होतं, की माहितीपुस्तिका सुधारायला हवी! त्या पुस्तिकेतली उदाहरणं चाचणी म्हणून चालवलीही जातात. म्हणजे एक नेमकं उदाहरण लिहिलंत की चाचणीही झाली. सात जणांचे तीन-तीनचे गट पाडले तर उरलेल्या एकाचं काय करायचं? यादी रिकामी असेल तर? असे खोचक प्रश्न विचारायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक मात्र सांगते. नोकरीचा करार आधी वाचा. घरी लिहिलेला कोडही कंपनीचा, असं कलम काही करारांत असतं. मॅनेजरकडून लेखी परवानगी घ्या, आणि मगच कोड पाठवा.

ज्यांना हात लावून बघायचाय त्यांनी चहानंतर थांबा, लॅपटॉप आणलाय.